जुनी ऑडिओ उपकरणं दुरुस्त करावीत की बदलावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातला अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, टर्नटेबल, कॅसेट डेक किंवा सीडी प्लेयर बिघडला की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. काही कामं घरी होण्यासारखी आहेत, काही मुळीच नाहीत. ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे. एक गोष्ट मात्र सगळ्यांना लागू: अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. मल्टिमीटरने मोजून ती उतरल्याची खात्री होईपर्यंत आत हात घालू नका.

अ‍ॅम्प्लिफायर तीस-पस्तीस वर्षांचा आहे. एवढ्या जुन्या वस्तूवर पैसे घालण्यात अर्थ आहे का?

वयावरून काहीच ठरत नाही. कोणता भाग गेलाय आणि तो आज मिळतो का, या दोन गोष्टींवरून ठरतं.

१९७० आणि ८० च्या दशकांतले बहुतेक स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर सुट्या ट्रान्झिस्टर, रेझिस्टर आणि कपॅसिटरचे आहेत. प्रत्येक भाग सोल्डरिंग आयर्नने काढता येतो, बोर्डवर त्याचा क्रमांक छापलेला असतो, आणि पुष्कळ मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधलं तर सापडतं. याउलट दहा वर्षांपूर्वीच्या एव्ही रिसीव्हरमध्ये (टीव्हीचं चित्र आणि आवाज दोन्ही हाताळणारा अ‍ॅम्प्लिफायर) एचडीएमआय बोर्डवरची एक चिप गेली तर ती सुटी मिळत नाही, आणि कंपनीने अख्खा बोर्ड बनवणं बंद केलेलं असतं. म्हणजे कित्येकदा जुनं तेच दुरुस्त होतं आणि नवं टाकून द्यावं लागतं.

आमचा ढोबळ कल असा: साधे स्पीकर, स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि बऱ्या दर्जाचं टर्नटेबल आधी दुरुस्तीच्या बाजूने बघावं. कॅसेट डेक आणि सीडी प्लेयरचा निर्णय आतली यंत्रणा कोणती आहे त्यावर. एव्ही रिसीव्हर, साउंडबार आणि नेटवर्कवर चालणारी उपकरणं बहुधा बदलावीच लागतात.

दुरुस्तीचा खर्च किती झाला की थांबावं?

‘नव्याच्या निम्म्या किमतीपेक्षा जास्त खर्च नको’ हा हिशेब सगळेच सांगतात. तो वाईट नाही, पण निम्मं कशाचं ते विसरलं जातं. दुकानातल्या सर्वांत स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरशी तुलना करू नका. तुमच्याकडे आहे तेवढाच मोठा ट्रान्सफॉर्मर, तेवढीच खरी पॉवर आणि तेवढेच इनपुट असलेला नवा घ्यायचा झाला तर काय पडेल, त्याच्या निम्मे धरा.

दुसरं, बिलात सुट्या भागांपेक्षा मजुरी जास्त असते, आणि मजुरी उपकरण उघडण्या-जोडण्यात जाते. त्यामुळे ते एकदा उघडलं की लवकरच जाणार असलेले भागही त्याच वेळी बदलून घ्यावेत. रिलेसाठी (विजेने उघड-बंद होणारा स्विच) आज, बेल्टसाठी सहा महिन्यांनी आणि कपॅसिटरसाठी पुढच्या वर्षी, असं तीनदा नेलं तर हिशेब नक्की फसतो.

मेकॅनिककडे नेण्याआधी घरी काय तपासावं?

बरंच काही. ‘बंद पडलेल्या’ अ‍ॅम्प्लिफायरपैकी बऱ्याच जणांचं फक्त टेप मॉनिटरचं बटण दाबलेलं असतं. ते दाबलं असेल तर टेपच्या सॉकेटमधून काही येत नाही तोवर सगळीकडे शांतता. स्पीकर ए-बी चा स्विच बघा. मागच्या बाजूला प्री-आउट आणि मेन-इन जोडणाऱ्या धातूच्या छोट्या कड्या असतील तर त्या जागेवर आहेत का ते बघा. साफसफाईत त्या निघतात आणि हरवतात.

एकाच बाजूचा आवाज येत नसेल तर अदलाबदल करून दोष शोधा. आधी अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटवर डावी-उजवी आरसीए पिन उलट लावा. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर प्लेयर किंवा केबल खराब; जागेवरच राहिला तर अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर किंवा त्याची वायर. मग अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याच्या टर्मिनलवर स्पीकरच्या वायरी उलट लावा. आता दोष सरकला तर अ‍ॅम्प्लिफायर, नाही सरकला तर स्पीकर किंवा वायर. पाच मिनिटांचं काम आहे आणि चुकीची वस्तू उचलून नेण्याचा त्रास वाचतो.

फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा घाला. काचेच्या फ्यूजच्या टोपीवर टी किंवा एफ असं रोमन अक्षर असतं: टी म्हणजे सावकाश उडणारा, एफ म्हणजे पटकन उडणारा. नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिथेच थांबा. मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घातला तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो बहुतेक वेळा अख्ख्या अ‍ॅम्प्लिफायरमधला सर्वांत महाग भाग असतो.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते. पॉट (बटणामागचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) बदलावं लागेल?

सहसा नाही. पॉटमधल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ आणि ऑक्साइड बसतं. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा, वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या, अ‍ॅम्प्लिफायर बंद करून पॉटच्या मागच्या फटीतून अगदी थोडा फवारा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत २०-३० वेळा फिरवा. तासभर वाळू द्या. गंजलेले नट सोडवायला वापरतात तो स्प्रे इथे मारू नका. तो तेलकट थर मागे ठेवतो आणि त्यावर आणखी धूळ चिकटते.

बॅलन्स, बास-ट्रेबलची बटणं आणि इनपुट सिलेक्टरलाही हेच करा. साफ करूनही खरखर राहिली तर पट्टी झिजलेली आहे, मग पॉट बदला. किती ओहमचं, ‘लॉग’ आहे की ‘लिनिअर’ आणि दांडा किती लांब, या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. व्हॉल्यूमला लिनिअर पॉट लावलं तर सुरुवातीलाच आवाज एकदम चढतो आणि पुढे बटण फिरवून फारसा फरक पडत नाही.

हळू आवाजात एक बाजू गायब होते आणि व्हॉल्यूम वाढवला की ‘फट्’ करून परत येते. हे काय?

स्पीकर प्रोटेक्शनचा रिले. अ‍ॅम्प्लिफायर चालू केल्यावर काही सेकंदांनी जो ‘टक’ आवाज येतो तो याचाच. त्याचे संपर्कबिंदू काळे पडले की कमी व्होल्टेजचा सिग्नल त्यांच्यातून जात नाही; जास्त व्होल्टेज तो थर फोडून जातं. रिले बदलणं हाच खरा उपाय आणि तो स्वस्त आहे. कॉइलचं व्होल्टेज (बहुतेकदा २४, कधी १२ किंवा ४८), संपर्कांची अँपिअर क्षमता आणि पायांची मांडणी जुळवा. पॉलिश पेपरने संपर्क घासलेत तर वरचा मुलामा निघून जातो आणि थोड्याच महिन्यांत तीच तक्रार परत येते.

रिलेचा ‘टक’ आवाजच येत नसेल तर मात्र गोष्ट वेगळी. आउटपुटवर डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) आहे म्हणून रिले मुद्दाम उघडा राहिलाय, असं बहुधा असतं. अशा वेळी रिले ‘बायपास’ करून दाखवणाऱ्यापासून लांब राहा. ते डीसी थेट वूफरमध्ये (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) जाईल आणि त्याची कॉइल जळेल.

स्पीकरमधून सतत ‘हूं’ असा गुणगुणाट येतो. कपॅसिटर गेले का?

आधी व्हॉल्यूम शून्यावर आणा. गुणगुण तेवढीच राहिली तर दोष पॉवर सप्लायमध्ये किंवा शेवटच्या टप्प्यात. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त झाली तर ती इनपुटच्या बाजूने येतेय. मग सगळे इनपुट काढून एकेक लावत जा. केबल टीव्ही, डिश अँटेना किंवा संगणक जोडल्यावर ती सुरू झाली तर तो अर्थिंगचा वेढा (दोन उपकरणांचं अर्थिंग केबलमधून जोडलं जाऊन बनणारं वर्तुळ) आहे, अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष आहे. टर्नटेबल असेल तर त्याची अर्थची बारीक वायर सुटली असण्याचीच शक्यता जास्त. प्लगची अर्थ पिन काढून गुणगुण घालवण्याचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका, त्याने जीव जाऊ शकतो.

फिल्टर कपॅसिटरचा दोष असेल तर गुणगुण विजेच्या दुप्पट वारंवारतेची असते: ५० हर्ट्झच्या विजेवर १००, ६० च्या विजेवर १२०. अर्थिंगच्या वेढ्याची ५० किंवा ६०. फोनवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये सगळ्यांत उंच रेघ कुठली, ते बघून अंदाज येतो.

सगळेच कपॅसिटर सरसकट बदलून घ्यावेत का?

नाही. काम चोख झालं तर फायदा होतो, पण शंभर जागी सोल्डरिंग म्हणजे चुकायच्या शंभर जागा. एखादा उलटा बसला किंवा बोर्डवरचा तांब्याचा पट्टा उखडला की चालू अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतो. फिल्म आणि सिरॅमिक कपॅसिटर सहसा उत्तम स्थितीत असतात, त्यांना हात लावू नये. झिजतात ते इलेक्ट्रोलिटिक.

त्यांचं आयुष्य उष्णतेवर ठरतं. अंगावर १०५ अंश आणि माहितीपत्रकात २,००० तास लिहिलं असेल, तर तापमान दर १० अंशांनी कमी झालं की तास साधारण दुप्पट होतात. ६५ अंशांवर ३२,००० तास, म्हणजे रोज चार तास वापर धरला तर वीसएक वर्षं. तोच कपॅसिटर ८५ अंशांचा असेल तर ६५ वर जेमतेम ८,००० तास. म्हणून हीटसिंकला आणि गरम रेझिस्टरला चिकटलेले छोटे कपॅसिटर आधी जातात, आणि बाजूला उभे असलेले दोन जाडजूड फिल्टर कपॅसिटर पुष्कळदा तग धरून असतात. गरम जागेतले बदला, मोठे मोजून बघा, बाकीचे राहू द्या. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा थोडं जास्त, आणि १०५ अंशांचा.

जुन्या बोर्डवर कपॅसिटरच्या बुडाशी पिवळट डिंक दिसला आणि तो तपकिरी झाला असेल तर खरवडून काढा. काही उत्पादकांनी वापरलेला हा डिंक उष्णतेने कालांतराने वीजवाहक होतो आणि शेजारच्या भागांचे पाय कुरतडतो. याच्यामुळे येणारे दोष फार फसवे असतात.

आउटपुट ट्रान्झिस्टर उडाले म्हणे. मूळचे आता मिळत नाहीत. मग?

बहुतेक जुन्या ट्रान्झिस्टरना चालणारा पर्याय आहे, तेव्हा एवढ्यावरून आशा सोडू नका. खरा धोका नकलींचा. २एससी५२०० आणि २एसए१९४३ या जोडीच्या नकला तर बाजारात भरपूर आहेत: वरून छापील क्रमांक हुबेहूब, आत सिलिकॉनचा तुकडा अस्सलपेक्षा खूपच लहान. हळू आवाजात चालतात, एका पार्टीत उडतात. अधिकृत वितरकाकडूनच घ्या.

एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की तो एकटा जात नाही. त्याची जोडी, त्यांना चालवणारे मागचे ‘ड्रायव्हर’ ट्रान्झिस्टर आणि ०.२२ ते ०.४७ ओहमचे एमिटर रेझिस्टरही तपासावे लागतात. एकच बदलून चालू केलं तर नवाही त्याच क्षणी जातो. म्हणून पहिल्यांदा वीज देताना मालिकेत (सिरीजमध्ये) ६० किंवा १०० वॉटचा तारेचा जुना बल्ब जोडतात. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटत राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. स्पीकर तोवर जोडायचे नाहीत. शेवटी स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजतात. ५० मिलिव्होल्टच्या आत हवं, १०० च्या वर असेल तर काम अपुरं आहे. बायस करंट (सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा ठरावीक करंट) मॅन्युअलप्रमाणे, अ‍ॅम्प्लिफायर गरम झाल्यावर लावायचा.

बदलण्याकडे वळावं असे दोन प्रसंग आहेत. एक, एसटीके क्रमांकाचं जाड हायब्रिड मोड्यूल (अख्खा आउटपुटचा टप्पा एकाच ठोकळ्यात) असलेला साधा अ‍ॅम्प्लिफायर: अस्सल मोड्यूल जुन्या साठ्यातूनच मिळतं आणि नकली फार. दोन, १९७० च्या दशकातले व्ही-फेट (एक खास प्रकारचे ट्रान्झिस्टर) वापरलेले मोजके अ‍ॅम्प्लिफायर, ज्यांना जुळणारा पर्यायच नाही.

वूफरच्या कडेचा फोम कुजून गळतोय. स्पीकर टाकून द्यायचे का?

अजिबात नाही. जुन्या स्पीकरवरची ही सर्वांत सोपी आणि सर्वांत फळणारी दुरुस्ती आहे. पॉलियुरेथेन फोम हवेतला ओलावा आणि उजेडामुळे आपोआप कुजतो, पंधरा-वीस वर्षांत तर हमखास. स्पीकर वाजवले असोत वा कपाटात ठेवलेले असोत. कोन, कॉइल, चुंबक सगळं शाबूत असतं. मात्र फाटलेल्या फोमवर स्पीकर वाजवत राहिलात तर कॉइल तिरकी होऊन घासते आणि मग खरंच वूफर जातो.

फोमची कडी ‘आठ इंची’ एवढं सांगून मागवू नका. जुन्याची चार मापं घ्या: बाहेरचा चिकटणारा व्यास, गोलाईचा बाहेरचा व्यास, गोलाईचा आतला व्यास आणि कोनचा व्यास. मग:

१. जुना फोम आणि डिंक बोथट सुरीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढा. कोनवर जोर देऊ नका. याला बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ लागतो.

२. मधली डस्ट कॅप कापून काढा आणि कॉइल व मधल्या खांबाच्या फटीत प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या चारी बाजूंनी सारख्या बसवा, म्हणजे कॉइल मधोमध राहील.

३. फोम आधी कोनला चिकटवा. कागदी कोनला वाळल्यावर लवचीक राहणारा पांढरा पीव्हीए डिंक चालतो. पॉलिप्रॉपिलिनच्या कोनला तो धरत नाही, तिथे त्या प्लास्टिकसाठीचा वेगळा डिंक लागतो. पूर्ण वाळू द्या.

४. मग बाहेरची कड फ्रेमला चिकटवा, गोलाकार दाबत जा आणि २४ तास सोडा. पट्ट्या काढा, कोन बोटांनी सारखा दाबून घासण्याचा आवाज येत नाही ना ते ऐका, आणि शेवटी नवी डस्ट कॅप लावा.

डस्ट कॅप न कापताही करता येतं: फ्रेमला चिकटवताना अगदी हळू आवाजात ३० हर्ट्झचा सूर वाजवायचा आणि घासण्याचा आवाज जाईपर्यंत कड सरकवायची. फोमच्या जागी ‘टिकाऊ’ म्हणून रबर लावण्याचा मोह होतो. रबर जड आणि वेगळ्या ताठरपणाचं असतं, त्याने खालचा आवाज बदलतो. फोमला फोमच लावा.

स्पीकरची कॉइल जळली की नाही, घरी कसं कळेल?

ड्रायव्हरच्या (पेटीतल्या वूफरच्या किंवा ट्वीटरच्या) टर्मिनलवरची एक वायर काढून मल्टिमीटरने ओहम मोजा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.६. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. पेटीच्या मागच्या टर्मिनलवरून ट्वीटर मोजता येत नाही, मध्ये क्रॉसओव्हरचा (खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणारं सर्किट) कपॅसिटर असतो. ट्वीटर बदलताना त्याच मॉडेलचा घ्या. दुसऱ्या कंपनीचा बसेल, वाजेलही, पण क्रॉसओव्हर त्याच्यासाठी बनवलेला नसतो. तसाच घ्यावा लागला तर दोन्ही बाजूंना घ्या.

जाता जाता: ट्वीटर जास्त पॉवरच्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे जातात असं लोकांना वाटतं. लहान अ‍ॅम्प्लिफायर आवाज फाटेपर्यंत चढवल्यामुळे जातात ते कमी नाहीत.

ट्रेबल आधीसारखा राहिला नाही. क्रॉसओव्हरचे कपॅसिटर बदलू का?

बायपोलर इलेक्ट्रोलिटिक असतील आणि वीस वर्षं उलटली असतील तर हो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे फिल्म कपॅसिटर लावा. फिल्मचा अंतर्गत रोध कमी असल्यामुळे ट्वीटर थोडा तिखट वाटू शकतो. मग त्याच्याबरोबर मालिकेत अर्ध्या ओहमच्या आसपासचा रेझिस्टर लावून बघतात.

टर्नटेबलचा वेग कमी-जास्त होतो. नवं घ्यावं का?

बेल्टचं असेल तर आधी बेल्ट. जुना बेल्ट मोजून नवा मागवू नका, तो सैल झालेला असतो. धागा पुली आणि तबकडीखालच्या कडेभोवती फिरवून लांबी मोजा आणि त्याहून सुमारे ५ टक्के कमी लांबीचा घ्या. कड आणि पुली अल्कोहोलने पुसा. मधल्या दांड्याच्या खोबणीतलं वाळलेलं तेल पुसून दोनच थेंब हलकं यंत्रतेल घाला.

वेग अस्थिर नसून नेमका एकसारखा मंद असेल तर वेगळं कारण बघा. ६० हर्ट्झच्या देशातलं सिंक्रोनस मोटरचं (जिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो) टर्नटेबल ५० हर्ट्झवर चालवलं तर ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे होतात. व्होल्टेज बदलणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने हर्ट्झ बदलत नाहीत. दुसरी पुली लागते.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये बेल्ट नाही, पण वेग सांभाळणारी आयसी गेली आणि ती बंद झालेली असेल तर कठीण. टेक्निक्स एसएल-१२०० सारख्या लोकप्रिय मॉडेलचे भाग आणि जाणकार अजून सापडतात, अनोळखी मॉडेलचे नाही. सुई ५०० ते १,००० तासांत झिजते आणि झिजलेली सुई रेकॉर्डचं नुकसान करते. आधी ती बदला, मग आवाजाबद्दल तक्रार करा. पेटीसारखी बंद होणारी, सिरॅमिक कार्ट्रिजची स्वस्त टर्नटेबलं मात्र दुरुस्त करू नका. त्यांचा सुईचा भार ५ ग्रॅमच्या आसपास असतो. चांगल्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला दीड ते दोन ग्रॅम पुरतो.

कॅसेट डेकची मोटर फिरते, टेप मात्र हलत नाही.

बेल्ट वितळलेत. जुने रबरी बेल्ट डांबरासारखे होतात आणि पुलीला चिकटतात. ते अल्कोहोल आणि कापसाने पूर्ण काढल्याशिवाय नवा बेल्ट चढवण्यात अर्थ नाही. त्याच वेळी आयडलरचा (मधलं रबरी चाक) टायर, पिंच रोलर (टेप दाबून पुढे ओढणारा) आणि घट्ट झालेलं ग्रीस बघा. शेवटी वेग लावा: टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. ३,००० किंवा ३,१५० हर्ट्झची चाचणी टेप वाजवून मोटरमागच्या भोकातून बारीक स्क्रूड्रायव्हरने सूर जुळवतात.

तीन हेडचा किंवा दोन मोटरचा चांगला डेक असेल तर नक्की दुरुस्त करा. आज नव्याने बनणाऱ्या डेकमध्ये बहुतेक एकाच धाटणीची साधी यंत्रणा असते आणि टेपची सळसळ कमी करणारं मूळ डॉल्बी बी-सी सर्किट नसतं. हेडवर टेपने खाच पाडली असेल आणि ती नखाला लागत असेल, तर मात्र भाग मिळेपर्यंत पैसे घालू नका.

सीडी प्लेयर ‘नो डिस्क’ दाखवतो.

क्रमाने बघा. ट्रे अडखळत असेल तर त्याचा छोटा बेल्ट, दोन मिनिटांचं काम. मग लेन्स: कापसाच्या काडीला अल्कोहोलचा एक थेंब, हलक्या हाताने. मग लेझरचा गाडा ज्या दांड्यावर सरकतो त्यावरचं वाळलेलं ग्रीस. घरी बर्न केलेल्या डिस्क आधी अडखळू लागल्या आणि मग विकतच्याही, तर लेझर थकलाय. पिकअपवरचा (लेझर आणि लेन्सचा एकत्र भाग) बारीक स्क्रू फिरवून त्याची शक्ती वाढवू नका. चार दिवस चालतो आणि कायमचा जातो.

नवा पिकअप मिळतो का, हा खरा प्रश्न. सोनीचा केएसएस-२१३ असंख्य प्लेयरमध्ये वापरला गेला, त्याचे बदली भाग मिळतात, दर्जा मात्र एकसारखा नसतो. नव्या पिकअपवर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक ठिपका असतो. बसवल्यावर तो काढायचा राहिला तर लेझर पेटतच नाही, आणि पुष्कळ ‘खराब निघालेले’ नवे पिकअप असेच असतात. तुमच्या यंत्रणेचा पिकअप मिळतच नसेल तर नवा प्लेयर घ्या.

एव्ही रिसीव्हरचा आवाज येतो, पण एचडीएमआयवर चित्र येत नाही.

प्लग काढून दहा मिनिटं थांबा, फॅक्टरी रीसेट करा, दुसऱ्या केबलने एकच उपकरण जोडून बघा. तरीही नाही तर बोर्ड गेला, आणि बहुतेक वेळा इथे दुरुस्तीचा नाद सोडावा. पण रिसीव्हर टाकू नका. टीव्हीमधून ऑप्टिकल केबलने आवाज द्या, चित्र थेट टीव्हीला; किंवा अ‍ॅनालॉग इनपुटवर तो साधा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर म्हणून वापरा. नवा घ्यायचा झाला तर ई-एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसीव्हरकडे आणणारी सोय) असल्याची खात्री करा. ती एचडीएमआय २.१ बरोबर २०१७ मध्ये आली. आणि वरती हातभर नाही तरी दहा सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा, या चिपांना उष्णताच मारते.

ब्लूटूथ स्पीकर आणि साउंडबार?

ब्लूटूथ स्पीकरची बहुधा बॅटरीच जाते. आत १८६५० मापाचे सेल असतील तर संरक्षक सर्किटसकट तयार पॅक बसवून घेता येतो. सेल फुगला असेल तर चार्जिंग तत्काळ बंद. साउंडबारचा पॉवर सप्लाय दुरुस्त होतो, मुख्य बोर्ड होत नाही. नेटवर्क स्पीकरचं अ‍ॅप कंपनीने बंद केलं तर त्यात ऑक्स इनपुट आहे का बघा. बाहेरून छोटा स्ट्रीमर जोडला की तो पुन्हा चालतो. नवी खरेदी करताना म्हणूनच ‘स्मार्ट’ भाग वेगळा घ्यावा: तो पाच-सात वर्षांत शिळा होतो, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर होत नाहीत.

सबवूफर बंद पडलाय.

ड्रायव्हर ठीक आणि मागचा प्लेट अ‍ॅम्प्लिफायर गेलेला, असंच जास्त दिसतं. तो कायम स्टँडबायवर तापत राहतो आणि पेटीच्या कंपनांनी सोल्डरचे जोड सुटतात. दुरुस्त झाला नाही तर कापलेल्या भोकाचं माप, ओहम आणि वॉट जुळवून तयार प्लेट बसवा.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर?

व्हॉल्व्ह हा झिजणारा भागच आहे; आउटपुटचे साधारण दीड-तीन हजार तास, छोटे त्याहून बरेच जास्त. बदलून बायस लावला की झालं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर तुटला असेल तर खर्च मोठा. आत ३०० ते ५०० व्होल्ट असतात, घरी उघडू नका.

कित्येक वर्षं माळ्यावर पडलेली सिस्टिम सरळ चालू करू का?

नको. आधी मागचा व्होल्टेज निवडण्याचा स्विच बघा. झाकण उघडून धूळ, झुरळं, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, फुगलेले कपॅसिटर बघा. वीज येते तिथे पारदर्शक पिवळसर कवचाचा, तडे गेलेला कागदी कपॅसिटर दिसला तर चालू करण्याआधीच त्याजागी एक्स-२ वर्गाचा (थेट घरच्या विजेवर लावण्यासाठीचा) नवा लावा. तसा जुना कपॅसिटर धुराचा लोट सोडून जातो. मग मालिकेतल्या बल्बवरून अर्धा तास चालवा. पहिल्यांदा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर जोडा.

मेकॅनिक चांगला आहे हे कसं ओळखायचं?

अ‍ॅम्प्लिफायर न उघडता ‘आयसी गेली’ म्हणाला तर निघून या. त्याच्याकडे डमी लोड (चाचणीसाठी स्पीकरऐवजी जोडायचा मोठा रेझिस्टर) आणि ऑसिलोस्कोप आहे का, जुने भाग परत देतो का, कामाची हमी किती महिने, आणि ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त लागलं तर आधी विचारतो का, हे विचारा. दोष शब्दांत नीट लिहून द्या: ‘खराब आहे’ असं नको, ‘चालू केल्यावर वीस मिनिटांनी डावी बाजू जाते’ असं. फोनवर रेकॉर्ड करून दिलंत तर आणखी बरं. टर्नटेबल पाठवताना तबकडी आणि आर्मचं वजन काढून वेगळं गुंडाळा, आर्म बांधा; नाहीतर एक दुरुस्त होऊन दुसरं मोडून येतं.

बदलायचं ठरलं. जुन्याचं काय करू?

बंद अवस्थेतही ‘सुट्या भागांसाठी’ म्हणून विका. चांगल्या कंपनीचे ट्रान्सफॉर्मर, बटणं, समोरची पट्टी, रिमोट, टर्नटेबलचं झाकण यांना दुसऱ्या कोणाच्या तरी दुरुस्तीसाठी मागणी असते. जोडीतला एकच स्पीकर चांगला असेल तर त्याचे ड्रायव्हरही विकले जातात. उरलेलं ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, लिथियमचे सेल आधी काढून टर्मिनलवर चिकटपट्टी लावून वेगळे. नव्या अ‍ॅम्प्लिफायरला फोनो इनपुट (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवून घेणारा) आहे का ते मात्र जुना देऊन टाकण्याआधी बघा. पुष्कळांना नसतो, आणि टर्नटेबलसाठी वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प घ्यावा लागतो.